अप्पांच्या मापाचं धनुष्य

पापनाशम गावाच्या बाजूच्या एका पोटकालव्याची रेघ शाईनं ओढताना गुरुमूर्तीचा हात हलला. फार नाही. ट्रेसिंग कापडावर केसभर लाट उठली आणि रेघ पुन्हा सरळ चालू लागली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवली असती तर त्यानं चष्मा पुसून ‘कुठं?’ म्हणून विचारलं असतं. आणि कालव्यांचंच म्हणाल तर खऱ्या कालव्यांना याहून मोठी पोकं येतात, त्यांना कोणी जाब विचारत नाही. पण गुरुमूर्ती लग्नाआधीपासून पाटबंधारे खात्याच्या या कचेरीत ड्राफ्ट्समन होता, आणि त्याचा माज एकच होता, की माझी रेघ हलत नाही. फूट-इंच जाऊन मीटर आले, साहेब आले आणि बदलून गेले, रेघ तीच राहिली. त्यानं पेन खाली ठेवलं, हात टेबलाखाली नेऊन मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. हात गप्प पडून होता, खोडी करून आलेलं मूल निमूट जेवायला बसतं तसा. मग त्यानं पात्यानं तेवढी शाई खरवडली, जागा घासून गुळगुळीत केली आणि रेघ पुन्हा ओढली. या वेळी ती ठीक आली. साहेबांनी सहीसुद्धा केली. पण दुपारभर त्याच्या मानेखाली काहीतरी थंड बसून राहिलं, कारण तो हात त्यानं ओळखला होता.

तो अप्पांचा, म्हणजे वडलांचा, हात होता. त्याआधी आजोबांचा. आजोबांची तर मानही हलायची, सारखी ‘नाही, नाही’ अशी, आणि लहानपणी गुरुमूर्तीला वाटायचं की आजोबा सगळ्यालाच नाही म्हणतात. म्हणून तो त्यांच्याकडे कधी काही मागायचाच नाही. ते गेले त्या सकाळी मान पहिल्यांदा थांबली. बायका रडत होत्या आणि याला वाटत होतं, आता हो म्हणाले. अप्पांचं चाळिशीनंतर सुरू झालं. त्यांचं नाव तुळजाजी. तालुका कचेरीत हेडक्लार्क, अक्षर असं की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी येत. तेच अक्षर पुढं एवढं मोडलं की पेन्शनीच्या वेळी सही जुळेना, आणि शिकल्यासवरल्या माणसाला शाईच्या गादीवर अंगठा टेकावा लागला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तो अंगठा परसातल्या दगडावर लाल होईपर्यंत घासला होता. आता कॉफी पिताना त्यांचा पितळी टंबलर खालच्या डबऱ्यावर, म्हणजे पसरट वाटीवर, वाजतो, टक टक टक टक, बारीक आणि घाईचा. गुरुमूर्तीची बायको कनकलता त्यांना अर्धाच टंबलर भरून देते, म्हणजे सांडत नाही. या आवाजात गुरुमूर्ती रोज सकाळी दाढी करतो. इतकी वर्षं तो आवाज त्याच्या कानांत जाऊन बाहेर पडत असे. त्या दिवसापासून तो आत राहू लागला.

आणि त्याच आठवड्यात अप्पांनी बाणाची गोष्ट काढली. राजवाड्यामागच्या गल्लीत भवानीचं एक लहानसं देऊळ आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी तिची पालखी वन्नीच्या झाडाखाली येते. महाराष्ट्रातले लोक याच झाडाला शमी म्हणतात. तिथं केळीचा एक खांब पुरलेला असतो. तो म्हणजे महिषासुर. त्याला देवीतर्फे बाण मारायचा मान या घराचा. राजे गेले, तलवारी काचेच्या कपाटांत गेल्या, तमिळ शेजारीपाजारी या मराठी घरांना ‘रायर, रायर’, म्हणजे राव, म्हणून अजून मान देतात तो बहुतेक सवयीनं. पण हा बाण राहिला. गेल्या साली अप्पांचा बाण खांबाला सोडून मांडवाच्या झावळ्यांत शिरला होता. लोकांनी तरीही जयजयकार केला. त्या दयेनं अप्पा तीन दिवस नीट जेवले नाहीत.

“मज आता हात उचलत नाहीं रे,” तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, बसून अप्पा म्हणाले. “या साली तूं सोड.”

“मज कुठं येतं, अप्पा?”

“शीक. दसऱ्याला वेळ अहे.”

घरात एक रीत होती. नवा माणूस बाण हाती घेतो तेव्हा त्यानं बापाच्याच धनुष्यानं सुरुवात करायची. स्वतःचं करून घेतलंच तर खंडेनवमीला ते पूजेत मांडायचं. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ते चालतं. पण सहसा कोणी घाई करत नसे. बापाचं धनुष्य बाजूला ठेवून आपलं मांडायचं म्हणजे बाप असतानाच त्याचं पान उचलल्यासारखं दिसतं.

तेव्हा गुरुमूर्ती सकाळी कचेरीपूर्वी जुन्या खंदकाकाठच्या मोकळ्या जागेत जाऊ लागला. भाताच्या पेंढ्याचा एक भारा उभा केला, त्यावर चुन्याचा ठिपका काढला आणि अप्पांचं धनुष्य ओढलं. ओढलं म्हणजे काय, झगडा केला. अप्पा तरुणपणी रुंद छातीचे, लांब हातांचे. गुरुमूर्ती आईच्या अंगलटीवर गेलेला. दोरी त्याच्या हनुवटीपर्यंतही येईना. बाण पुढं वीतभर लोंबत राही. मूठ एवढी जाड, की अप्पांच्या अंगठ्यानं तिच्यात घासून घासून केलेल्या खळग्यात त्याचा अंगठा बुडे आणि बोटं पलीकडं पोचत नसत. त्या खळग्यात अंगठा ठेवताना त्याला दर वेळी कसंतरी व्हायचं. आत आधीच कोणीतरी असल्यासारखं. आणि मग धनुष्य हलायचं. बाणाचं टोक ठिपक्यावरून सरकून पेंढ्याच्या कडेवर, तिथून पलीकडच्या एरंडावर जायचं. डावा खांदा कानाला भिडायचा, दोरी सुटली की कोपराच्या आतल्या बाजूवर फटका बसायचा, आणि बाण कुठंतरी गवतात जायचा. तो तिथला निळा वळ चोळत उभा राही. आणि त्याला हायसं वाटे. हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं, पण खरं होतं. धनुष्य जड आहे. जड धनुष्य धरलं तर भीमाचाही हात हलेल. कचेरीतली ती केसभर लाटसुद्धा मग याच खात्यात टाकता येत होती. रोज पहाटे इतकं जड ओढतो, हात थकणारच. आधी लाट आली आणि धनुष्य नंतर आलं, हा हिशेब तो सोईनं उलटा मांडत होता.

सेतुमाधवनं हे सुख फार दिवस टिकू दिलं नाही. सेतुमाधव त्याचा शाळेपासूनचा मित्र, आता एका शाळेत ड्रिलमास्तर. शिट्टी गळ्यात, मत ओठांवर. त्यानं कुठून तरी धनुर्विद्येची इंग्रजी पुस्तकं आणून वाचली होती आणि जिवंत माणसावर ती आजमावण्यासाठी तो तळमळत होता. एका सकाळी तो सायकल टेकवून बघत राहिला.

“कचेरीत तूं दुसऱ्याच्या चपला घालून जातोस काय?” त्यानं विचारलं.

“का रे?”

“मग हे कां? तुज हे धनुष्य दीड माणसाचं अहे. तूं नेम शिकत नाहींस, कुस्ती शिकतोस.”

त्यानं गुरुमूर्तीला भिंतीला पाठ लावून हात पसरायला लावलं, बोटांपासून बोटांपर्यंत मोजलं, छातीच्या हाडावर एक काठी टेकवून दोन्ही तळव्यांत धरायला सांगितली आणि बोटांच्या टोकाशी खूण केली. एका वखारीतून वजनाचा हुकाचा काटा आणून त्याला अप्पांचं धनुष्य टांगलं, दोरी खाली ओढली आणि काट्याकडे बोट दाखवून नुसताच हसला. मग म्हणाला, बांबूचं हलकं करतो, तुझ्या हाताचं, तुझ्या मुठीचं. ते होईपर्यंत त्यानं रिकाम्या हातांनीच शिकवलं. पाय खांद्याएवढे लांब. धनुष्य मुठीत आवळायचं नाही, अंगठ्याच्या बेचक्यात नुसतं टेकू द्यायचं. ओढायचं ते दंडानं नव्हे, पाठीनं. खांद्यांची दोन्ही पाती एकमेकांकडे सरकायला हवीत. दोरीचा हात दर वेळी जबड्याच्या त्याच हाडाशी यायला हवा. अर्धा श्वास सोड, मग थांब. “आणि टोक हलतं म्हणून भिऊं नको,” तो म्हणाला. “सगळ्यांचंच हलतं. माझं बग.” त्यानं काठी धरून दाखवली. तिचं टोक सावकाश डोललं, झोपाळा थांबायच्या आधी डोलतो तसं. गुरुमूर्तीनं ते डोलणं लक्ष देऊन पाहिलं. रेघांवर पोट भरणारा माणूस तो; मोठं, संथ, गोलसर. आपलंही हलणं तसंच निघावं, एवढंच त्याला हवं होतं.

नवं धनुष्य झालं. सेतुमाधवनं ते जुन्या धोतरात गुंडाळून आणून दिलं, सोबत चपलेच्या चामड्याचं बोटांचं आवरण आणि मनगटावरचा पट्टा. गुरुमूर्तीनं आभार मानले आणि ते नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या पेटीमागं माळ्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी अप्पांचंच धनुष्य घेऊन गेला. तिसऱ्या दिवशीही. सेतुमाधव चिडला, म्हणाला, रायर, तुज सुधारायचं अहे की वडलांचं नाव लावायचं अहे? गुरुमूर्ती म्हणाला, जरा सवय होऊ दे. कशाची, ते त्यानं सांगितलं नाही. तो स्वतःशीही ते पुरतं बोलला नव्हता. जड धनुष्य हलतं तोवर दोष धनुष्याचा. आपल्या मापाचं, हलकं, बेचक्यात अलगद बसणारं धनुष्य हललं तर मग दोष टाकायला जगात काही उरत नाही. कचेरीत तो आता रेघ ओढण्याआधी कोपर टेबलावर रोवून घेई, श्वास अर्धा सोडी. सेतुमाधवच्या शिकवणीचा एवढा उपयोग होत होता. रस्त्यानं जाताना हात खिशात. एकदा देवळात पुजाऱ्यानं पळीनं तीर्थ दिलं आणि ते तळहातावर थरथरलं की काय, हे बघायच्या आत त्यानं ते पिऊन टाकलं. डॉक्टरकडं जावं असं वाटे आणि पाय बाजाराकडं वळत. आजोबा अधूनमधून यायला लागले होते. स्वप्नात नव्हे, भर दिवसा. बाण गवतात शोधताना खंदकाच्या पलीकडं कोणीतरी उभं आहे आणि मानेनं नाही म्हणतं आहे असं वाटे, आणि वर पाहिलं तर एरंडाचं पान.

अप्पाही बोलले. “सेतूनं तुज नवं करून दिलं म्हणे.”

“होय.”

“मग त्यानं सोडून दाखव मज एकदा.”

“दाखवतों.”

“केव्हां?”

गुरुमूर्तीनं मान वर केली. अप्पा त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. त्याच्या हातांकडे बघत होते. तेव्हा त्याला कळलं की या घरात भिणारा तो एकटाच नाही. अप्पांनाही जाणून घ्यायचं होतं. वडलांकडून आलेलं आपण पुढं दिलं की आपल्यापाशीच संपवलं, एवढंच त्या म्हाताऱ्याला मरण्याआधी हवं होतं, आणि ते विचारायला त्याच्याजवळ धनुष्याखेरीज दुसरी भाषा नव्हती. गुरुमूर्तीला त्यांची इतकी कणव आली की तो उठून आत गेला.

नवरात्र बसलं. माळ्यावरची पेटी खाली आली, पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या गेल्या, आणि उघडं पडलेलं ते धोतरातलं गाठोडं कनकलतेनं त्याच्या हातात दिलं. आता टाळायला सबब नव्हती. सकाळी तो एकटाच खंदकाकाठी गेला. झोप नीट झालेली, कॉफी घेतलेली नाही, दोन दिवस धनुष्याला हात लावलेला नाही. सगळी कारणं त्यानं एकेक करून आधीच काढून टाकली होती. पाय ठेवले. धनुष्य बेचक्यात टेकलं आणि खरंच, ते त्याचंच होतं, जन्मापासून तिथं असल्यासारखं. पाठीची पाती सरकली. दोरी कुरकुर न करता जबड्याच्या हाडाशी येऊन थांबली. खांदा खाली होता, कोपर बाहेर होतं, इतके आठवडे जे जमत नव्हतं ते सगळं जमलं होतं आणि त्याला आनंद झाला, साधा, अंगातला आनंद. त्यानं अर्धा श्वास सोडला. तेव्हा बाणाची काडी धनुष्याच्या लाकडावर वाजू लागली. टक टक टक टक. बारीक, घाईची. बाण डोलत नव्हता. सेतुमाधवची काठी डोलली होती तसं यात काहीच नव्हतं. ही चाल तो रोज सकाळी ऐकत आला होता, दाढी करताना. त्यानं बाण सोडला. तो ठिपक्याच्या जवळ रुतला, आजवरचा सगळ्यात चांगला. दुसरा लावला, पुन्हा टक टक, पुन्हा ठिपक्याच्या जवळ. मग धनुष्य खाली ठेवून त्यानं रिकामा हात पुढं धरला, बोटं पसरून. बोटांची टोकं थरथरत होती. तो ती बराच वेळ बघत राहिला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं. तिच्याऐवजी नुसतं एकटं वाटलं. पलीकडं कोणी उभं नव्हतं. आता यायची गरज नव्हती.

घरी आल्यावर कनकलतेनं कॉफी दिली. टंबलर अर्धाच भरलेला होता.

“एवढीच?” त्यानं विचारलं.

“दूध कमी होतं,” ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. अप्पांसमोर आपण काय करायचं, हे त्या अर्ध्या टंबलराकडं बघतानाच त्याच्या मनात पक्कं झालं. नोकरीचं पुढं बघता येईल. अजून कोपर रोवता येतं, श्वास धरता येतो, काही वर्षं रेघ चालेल. पण म्हाताऱ्याला हे कळता कामा नये. त्यानं नवं धनुष्य पुन्हा माळ्यावर, पार आत सरकवलं.

खंडेनवमीला घरातली आयुधं पाटावर मांडली. कोयता, अडकित्ता, त्याचं रूलिंग पेन, शिवणाची कात्री. अप्पा खुर्चीत बसून बघत होते. सेतुमाधव मुद्दाम आला होता. गुरुमूर्तीनं मधोमध अप्पांचं धनुष्य ठेवलं, त्याला गंध-फूल वाहिलं आणि हात जोडले.

“तुझं कुठं अहे?” सेतुमाधवनं विचारलं.

“या साली हेच.”

“वेडा की काय? नव्यावर तुझा हात इतका चोखट बसला अस...”

“सेतू,” गुरुमूर्ती म्हणाला, “मी अप्पांच्याच धनुष्यानं सोडणार. आपली रीत अहे.” सेतुमाधवनं अप्पांकडे न्याय मागितला. त्यांची नजर पाटावरून सरकत माळ्याकडं गेली आणि तिथंच राहिली. सेतुमाधव जाताना पुटपुटला की या गल्लीतल्या रायरांना देवानं अक्कल दिली ती राजांबरोबरच परत घेतली. गुरुमूर्तीला हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

दसऱ्याच्या संध्याकाळी पालखी वन्नीखाली आली. नागस्वरवाल्यानं गाल फुगवले. आकाशात ढग होते, पण पाऊस नव्हता आणि वाराही नव्हता. अप्पांची खुर्ची त्यांच्याच सांगण्यावरून गुरुमूर्तीच्या डाव्या अंगाला, अगदी दोन हातांवर ठेवली होती. तिथून केळीचा खांब नीट दिसतही नव्हता. गुरुमूर्तीनं पाय ठेवले. खळग्यात अंगठा बुडाला. त्यानं ओढलं, आणि धनुष्य हललं. मोठ्यानं, उघड, खांद्यापासून. शिकलेलं सगळं त्यानं मुद्दाम विसरून टाकलं होतं, श्वाससुद्धा कोंडून घेतला होता, म्हणजे त्या मोठ्या हलण्यात ते बारीक हलणं कोणाला वेगळं काढता येऊ नये. बाण खांबाच्या पार बुडाशी, मातीला लागून रुतला. लोकांनी जयजयकार केला. या खेपेला तो दयेचा नव्हता, कारण बाण लागला तर होता. पोरं खांबाकडं धावली, पालखीवर फुलं पडली, सगळ्यांची तोंडं तिकडं होती. अप्पांचं तोंड तेवढं इकडं होतं. त्यांनी बाणाकडं पाहिलंच नव्हतं.

“जड अहे ते,” अप्पा म्हणाले.

“होय, अप्पा. फार जड अहे.” तो पटकन म्हणाला, फार पटकन. “म्हणूनच हललं.”

अप्पांनी धनुष्य त्याच्या हातून घेतलं आणि आपल्या मांडीवर आडवं ठेवलं. वन्नीची पानं वाटायला कोणीतरी त्यांच्यापाशी आलं, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं. मग मूठ कुरवाळत, त्याच्याकडं न बघता ते म्हणाले, “माझ्या अप्पांना मीपण हेच सांगितलं होतं. माझं हलकं धनुष्य तेव्हां माळ्यावर होतं.”

गुरुमूर्ती त्यांच्या पायांपाशी बसला. त्याला रडू आलं, आणि ते लपवायला आता काही कारण उरलं नव्हतं.